बुद्धीची वाट, प्रचितीची चव

इसवी सन १०९५ चा उन्हाळा. बगदादची निजामिया ही त्या काळच्या इस्लामी जगातली सर्वांत प्रतिष्ठित पाठशाळा, आणि अबू हमीद अल्-गझाली हा तिथला सर्वांत नावाजलेला आचार्य. वय जेमतेम सदतीस. हाताखाली तीनशे विद्यार्थी. सुलतानाच्या दरबारात मान, खलिफाच्या वाड्यात ये-जा. आणि एके दिवशी शिकवायला बसला असता त्याच्या तोंडून शब्द फुटेना. जीभ जणू टाळ्याला चिकटली. पुढे अन्न जाईना, पाण्याचा घोटही उतरेना. हकिमांनी हात टेकले. हे दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, मनाचा घोर गेल्याशिवाय औषध लागू पडायचे नाही, असे त्यांनी सांगून टाकले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गझालीने बगदाद सोडले. मक्केला जातो असे लोकांना सांगितले, पण पाय वळले दमास्कसकडे. मुलाबाळांच्या पोटापुरते ठेवून बाकीचे धन त्याने वाटून टाकले होते. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात जाऊन तो दिवसदिवसभर दार लावून एकटा बसे. नामवंत तर्कपंडिताचा असा सूफी साधक झाला.

इस्लामी तत्त्वज्ञानाची गोष्ट अनेकदा इथे संपवली जाते. गझालीने तत्त्वज्ञांवर घाव घातला, बुद्धी हरली, गूढवाद जिंकला आणि त्याबरोबर मुसलमानांच्या ज्ञानविज्ञानाचा दिवा विझला, असे सांगितले जाते. गोष्ट सुटसुटीत आहे. एक खलनायक आहे, एक शोकान्त शेवट आहे. पण सुटसुटीत गोष्टी बहुधा अर्ध्याच असतात. या गोष्टीतली माणसे जरा जवळून पाहिली, की कोण बुद्धीच्या बाजूचा आणि कोण तिच्या विरुद्ध, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

‘युनानी’ वारसा

आपल्या गावोगावी ‘युनानी दवाखाना’ अशी पाटी दिसते. युनानी म्हणजे ग्रीक. ग्रीकांचे वैद्यक अरबांच्या हातून आपल्यापर्यंत आले, त्याची खूण त्या शब्दात राहिली आहे. वैद्यकाबरोबर ग्रीकांचे तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानही अरबीत आले. आठव्या शतकापासून बगदादच्या खलिफांनी भाषांतराला उदार आश्रय दिला. खलिफा मन्सूरच्या काळात भारतातले ज्योतिषाचे सिद्धान्तग्रंथही तिथे पोचले. पुढे हुनैन इब्न इसहाकसारख्या ख्रिस्ती पंडिताने गेलन हा ग्रीक वैद्य अरबीत आणला, आणि त्याच्या मंडळींनी अ‍ॅरिस्टॉटलही आणला. ‘फिलॉसॉफी’चे अरबी रूप झाले ‘फलसफा’. तो शब्द आपण हिंदी-उर्दूतून आजही ऐकतो.

या फलसफ्याचा मुकुटमणी म्हणजे इब्न सीना. आपले हकीम त्याला बू अली सीना म्हणतात, युरोप अव्हिसेना म्हणतो. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेला हा माणूस १०३७ मध्ये इराणातल्या हमदान इथे वारला. दिवसा राजकारण आणि रोगी, रात्री लेखन, असे त्याचे आयुष्य. ‘अल्-कानून’ हा त्याचा वैद्यकग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांनी पुढे कित्येक शतके शिकवला.

तत्त्वज्ञ म्हणून त्याची झेप कळायला एक कल्पना पुरेशी आहे. तो म्हणतो, समजा एक माणूस पूर्ण वाढलेल्या स्थितीत एकदम निर्माण झाला. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना न लागणारे, आणि तो पोकळीत असा तरंगतो आहे की वाऱ्याचा स्पर्शही त्याला होत नाही. त्याला हात आहेत हे त्याला ठाऊक नाही, जग आहे हेही ठाऊक नाही. तरी ‘मी आहे’ हे त्याला कळेल की नाही? इब्न सीनाचे उत्तर, कळेल. म्हणजे ‘मी’ हा शरीराहून काही वेगळा आहे.

तर्काने बांधलेले हे उदाहरण वाचताना तत्त्वज्ञ बोलतो आहे की साधक, असा प्रश्न पडतो. आणि गंमत अशी की याच बुद्धिवाद्याने आपल्या ‘इशारात’ या उत्तरकालीन ग्रंथाचे एक संपूर्ण प्रकरण सिद्ध साधकांच्या अवस्थांना दिले. अबू सईद या सूफी संताची आणि त्याची भेट झाल्याची एक आख्यायिका सांगतात. दोघे तीन दिवस एकान्तात बोलत बसले. बाहेर आल्यावर शिष्यांनी विचारले, तेव्हा संत म्हणाला की मी जे पाहतो ते याला ठाऊक आहे, आणि तत्त्वज्ञ म्हणाला की मला जे ठाऊक आहे ते हा पाहतो. आख्यायिका खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यांना हे दोघे शत्रू वाटत नव्हते एवढे नक्की.

कापूस आणि आग

इब्न सीनाच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १०५८ मध्ये, खुरासानातल्या तूस गावी गझालीचा जन्म झाला. निशापूरला तो शिकला. सेल्जुक सुलतानाचा वजीर निजामुल्मुल्क याने १०९१ मध्ये त्याला बगदादला नेमले. पुढच्याच वर्षी वजिराचा खून झाला, सुलतानही वारला. राजकारण डळमळत असताना गझाली फावल्या वेळात तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचत होता. गुरूशिवाय, एकट्याने. दोन वर्षे वाचन, मग एक वर्ष मनन.

त्याचे म्हणणे असे की, एखाद्या शास्त्रातल्या सर्वोत्तम जाणकाराइतके ते शास्त्र येत नसेल, तर ते खोडून काढण्याचा अधिकार नाही. म्हणून त्याने तत्त्वज्ञांची मते स्वच्छ मांडणारे एक पुस्तक तयार केले. ते इतके उत्तम उतरले की बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो इथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले, आणि युरोपातले पंडित गझालीला इब्न सीनाचाच अनुयायी समजत राहिले! फलसफ्यावर घाव घालणारा माणूस तिकडे फलसफ्याचा शिक्षक ठरला.

घाव घालणारे पुस्तक वेगळे. त्याचे नाव ‘तहाफुत अल्-फलासिफा’, म्हणजे साधारणपणे ‘तत्त्वज्ञांची विसंगती’. वीस प्रश्न घेऊन गझालीने तत्त्वज्ञांना उलटतपासणीला उभे केले. त्यातल्या तीन मतांना त्याने सरळ धर्मबाह्य ठरवले. जग अनादि आहे, ईश्वराला फक्त सामान्य तत्त्वे कळतात आणि एकेक गोष्ट कळत नाही, आणि मरणोत्तर शरीराने उठणे नाही, ही ती तीन मते. या निकालाची धार पुढे अनेकांना लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. मतभेद हा गुन्हा ठरला की वादाचा रंगच पालटतो.

पण बाकीचे पुस्तक हा शुद्ध तर्काचा आखाडा आहे. सतराव्या प्रश्नात गझाली विचारतो, कापसाला आग लागली की कापूस जळतो, हे आपण पाहतो. पण आगीने जाळले, हे कुणी पाहिले? आपण पाहिले ते एवढेच की आग जवळ आली आणि कापूस जळला. दोन्ही एकापाठोपाठ घडले. पहिल्यामुळे दुसरे घडलेच पाहिजे, ही सक्ती डोळ्यांना दिसत नाही. ती ईश्वराची रीत आहे, तो मनात आणील तर ती मोडूही शकतो. युरोपात डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात कार्यकारणभावावर याच जातीची शंका घेतली, आणि तिने आधुनिक तत्त्वज्ञानाला हलवून सोडले.

यावर प्रतिपक्षाची थट्टाही गझालीने स्वतःच नोंदवली आहे. असे असेल तर मी घरी ठेवलेल्या पुस्तकाचा एव्हाना घोडा झाला नसेल कशावरून? गझालीचे उत्तर असे की, ते शक्य आहे, पण असे घडत नाही हे ज्ञानही ईश्वरानेच आपल्याला दिले आहे. तेव्हा पुस्तकाची काळजी नको.

ग्रहणाचे गणित, भूमिती, तर्कशास्त्र यांना त्याने हात लावला नाही. उलट, धर्मरक्षणाच्या नावाखाली ग्रहणाची शास्त्रीय उपपत्ती नाकारणारा माणूस धर्माचे शत्रूंपेक्षा जास्त नुकसान करतो, असे त्याने बजावले. तर्कशास्त्रावर त्याने स्वतः पुस्तके लिहिली आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते आवश्यक मानले. बुद्धीचा वैरी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने तर्कशास्त्राला मदरशाच्या आत आणून बसवले.

मग त्याची जीभ का थांबली? आपल्या आत्मकथनात तो सांगतो की, प्रथम त्याचा इंद्रियांवरचा विश्वास उडाला. तारा डोळ्यांना नाण्याएवढा दिसतो, पण गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. मग बुद्धीचे तरी काय? स्वप्नात स्वप्न खरे वाटते, जाग आल्यावर खोटे ठरते. उद्या बुद्धीपलीकडची एखादी जाग आली तर? दोन महिने तो या संशयात होता. त्यातून तो बाहेर आला तो कुठल्या युक्तिवादाने आला नाही. ईश्वराने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने आलो, असे तो म्हणतो.

पुढे सूफींचे ग्रंथ वाचल्यावर त्याला कळून चुकले की शब्दांनी मिळण्यासारखे सारे आपल्याला मिळाले आहे, उरले आहे ते फक्त चाखायचे. त्यासाठी सूफींचा शब्द ‘जौक’, म्हणजे चव. गालिबचा समकालीन कवी जौक याने टोपणनावासाठी घेतला तोच हा शब्द. आरोग्याची व्याख्या ठाऊक असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे, असा दाखला गझाली देतो. आजारी वैद्याला आरोग्याची सगळी लक्षणे पाठ असतात, फक्त आरोग्य नसते. धर्मावर तीनशे जणांना व्याख्याने देणाऱ्या आचार्याला स्वतःबद्दल हे जाणवले आणि त्याचा आवाज बंद झाला. अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, तो पुन्हा शिकवू लागला. १११١ मध्ये तूसलाच वारला.

हरिणीचे दूध प्यालेला तत्त्वज्ञ

गझाली हयात असतानाच त्याचा ‘धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन’ हा महाग्रंथ दूर पश्चिमेला, मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये पोचला. तिथल्या धर्मपंडितांना तो मानवला नाही. कोरडे कायदेपांडित्य म्हणजे धर्म नव्हे, असे त्यात लिहिले होते, ते त्यांना झोंबले असणार. ११०९ मध्ये कॉर्दोबा शहरात राजाज्ञेने या ग्रंथाची होळी झाली.

काही दशकांनी राजवट बदलली. नव्या अलमोहाद घराण्याचा खलिफा अबू याकूब यूसुफ हा ग्रंथांचा शौकीन होता. त्याचा राजवैद्य इब्न तुफैल याने एक कथा लिहिली. तिच्या नायकाचे नाव हय्य इब्न यक्जान, म्हणजे ‘जिवंत, जागृताचा पुत्र’. कथा घडते ती भारताच्या बाजूच्या, विषुववृत्तावरच्या एका निर्जन बेटावर. एका तान्ह्या मुलाला हरिणी दूध पाजून वाढवते. तो सात वर्षांचा असताना हरिणी मरते. शरीर तसेच, डोळे तसेच, मग गेले काय? ते शोधायला मुलगा तिची छाती उघडतो, हृदयापर्यंत पोचतो आणि त्यातला एक कप्पा रिकामा पाहतो. त्या रिकाम्या कप्प्यापासून त्याचे तत्त्वज्ञान सुरू होते. अग्नी, प्राणी, तारे, विश्व, विश्वाचे कारण, अशा पायऱ्या चढत तो केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर ईश्वरापर्यंत येतो. आणि तिथे विचार थांबतो, ध्यान सुरू होते.

पन्नाशीच्या सुमाराला त्याला शेजारच्या बेटावरचा अब्साल नावाचा धार्मिक माणूस भेटतो. अब्सालच्या धर्मग्रंथातले सत्य आणि आपल्याला उमगलेले सत्य एकच आहे, हे दोघांनाही पटते. हय्य मोठ्या उमेदीने त्या बेटावरच्या लोकांना ते सांगायला जातो आणि सपशेल अपयशी ठरतो. लोकांना रूढीच पुरते. तो त्यांची क्षमा मागतो आणि आपल्या बेटावर परततो. बुद्धी आणि अनुभूती यांचा मेळ एका माणसाच्या आत बसला, समाजात मात्र बसला नाही, असा हा खिन्न शेवट आहे. १६७१ मध्ये ऑक्सफर्डहून या कथेचे लॅटिन भाषांतर निघाले, १७०८ मध्ये थेट अरबीतून इंग्रजी. ‘रॉबिन्सन क्रूसो’ आली १७१९ साली. दोहोंतले साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे.

न्यायाधीशाचा निवाडा

याच इब्न तुफैलने एके दिवशी एका तरुण पंडिताला खलिफासमोर नेले. हा इब्न रुश्द, जन्म ११२६, कॉर्दोबातल्या नामांकित काजी घराण्यातला. युरोप त्याला अ‍ॅव्हेरोस म्हणतो. नाव, गाव विचारून झाल्यावर खलिफाने एकदम प्रश्न टाकला, आकाश अनादि आहे असे तत्त्वज्ञ मानतात की नाही? इब्न रुश्द गांगरला. गझालीने धर्मबाह्य ठरवलेला हाच तर मुद्दा. आपण तत्त्वज्ञान वाचतच नाही, असे तो पुटपुटू लागला. मग खलिफा इब्न तुफैलकडे वळून स्वतःच अ‍ॅरिस्टॉटल आणि प्लेटो यांच्यावर बोलू लागला, तेव्हा कुठे याची भीड चेपली. या भेटीतून पुढे अ‍ॅरिस्टॉटलवरची त्याची भाष्ये निघाली. युरोपने ती इतकी वाचली की तिथे नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की इब्न रुश्द समजत.

तो सेव्हिलचा आणि पुढे कॉर्दोबाचा काजी होता, आणि बुद्धीची बाजू त्याने न्यायाधीशासारखीच मांडली. तत्त्वज्ञानाचा अभ्यास धर्माने परवानगी दिलेला, निषिद्ध, की आवश्यक? त्याचा निवाडा असा की, धर्मग्रंथच सृष्टीचा विचार करायला सांगतो, म्हणून ज्याची कुवत आहे त्याला तो आवश्यकच आहे. ग्रीक परधर्मी होते म्हणून काय झाले? सुरी चांगली असली म्हणजे झाले, ती कुणी घडवली हे कुणी विचारत नाही. आणि तत्त्वज्ञान वाचून एखादा भरकटला म्हणून सगळ्यांना ते बंद करणे म्हणजे, कुणाला पाणी पिताना ठसका लागून मरण आले म्हणून तहानलेल्याला पाणी नाकारण्यासारखे आहे.

गझालीला त्याने ‘तहाफुतची तहाफुत’ या ग्रंथातून उत्तर दिले. पद्धत पाहण्यासारखी आहे. तो गझालीचा मजकूर उताऱ्यामागून उतारा देत जातो आणि प्रत्येकाखाली आपला जबाब लिहितो. कापूस आणि आग हा प्रश्न येतो तेव्हा म्हणतो, कारणे नाकारलीत तर बुद्धीच नाकारलीत, कारण कारणे जाणणे हेच तर बुद्धीचे काम. आणि जिथे गझालीचे बरोबर आहे तिथे इब्न सीनालाही चूक ठरवायला तो कचरत नाही.

११९५ मध्ये वारे फिरले. नव्या खलिफाने धर्मपंडितांच्या दबावाखाली इब्न रुश्दला लुसेना या गावी हद्दपार केले. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांची होळी झाली. पुढे त्याला परत बोलावले गेले, पण थोड्याच दिवसांत, ११९८ च्या डिसेंबरात, तो मराकेशला वारला.

होय आणि नाही

याच्या बरीच वर्षे आधी कॉर्दोबात एक भेट झाली होती. आपल्या एका स्नेह्याच्या मुलाला एकान्तात काही साक्षात्कार झाला आहे, असे इब्न रुश्दच्या कानावर आले होते. त्याने मुलाला भेटीला बोलावले. मुलाला अजून मिसरूडही फुटले नव्हते. हा मुलगा पुढे सूफी विचारातला सर्वांत मोठा आचार्य ठरला, त्याचे नाव इब्न अरबी. ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे.

वृद्ध तत्त्वज्ञ जागेवरून उठला, मुलाला मिठी मारली आणि म्हणाला, “होय?” मुलगा म्हणाला, “होय.” तत्त्वज्ञाला आनंद झाला. त्या आनंदाचे कारण ओळखून मुलगा म्हणाला, “नाही.” तत्त्वज्ञाचा चेहरा उतरला. त्याने विचारले, तुला साक्षात्काराने जे मिळाले ते आम्हाला विचाराने मिळते तेच आहे का? मुलगा पुन्हा म्हणाला, “होय आणि नाही.” इब्न रुश्दचा रंग उडाला. तरीही, पुस्तक न वाचता असे काही जाणणारा माणूस आपल्या हयातीत पाहायला मिळाला, याबद्दल त्याने ईश्वराचे आभार मानले.

इब्न रुश्दचा देह मराकेशहून कॉर्दोबाला नेला, तेव्हा इब्न अरबी हजर होता. जनावराच्या पाठीवर एका बाजूला शवपेटी होती आणि तिचा तोल राखायला दुसऱ्या बाजूला त्याचेच ग्रंथ बांधले होते. ते पाहून इब्न अरबीच्या मनात आले, या माणसाच्या आशा फळाला आल्या असतील का?

दिवा विझला नाही

गझालीनंतर दिवा विझला, हे तारखांशी जुळत नाही. गझालीच्याच तूस गावच्या नसीरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात इब्न सीनाच्या ‘इशारात’वर भाष्य लिहून त्याची बाजू लढवली. १२५९ मध्ये इराणात मराग्याची वेधशाळा उभी राहिली ती त्याच्याच देखरेखीखाली. ग्रहगतीसाठी त्याने काढलेली वर्तुळांची युक्ती कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथातही आढळते. सुहरावर्दीने तर आधी तर्क शिका, मग प्रकाशाच्या साधनेला लागा, असा दोन्ही पायांवर उभा असलेला मार्ग सांगितला. ११९१ च्या सुमारास अलेप्पोत त्याला प्राण गमवावे लागले, पण त्याची परंपरा इराणात टिकली.

भारतात अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महल घराण्यातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी मदरशांसाठी अभ्यासक्रम आखला, त्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचा मोठा वाटा होता. इब्न अरबीच्या छोट्या प्रबंधांचा संग्रह १९४८ मध्ये छापून निघाला तो आपल्या शेजारी, हैदराबादला. ज्ञानाला ओहोटी लागली असेल तर तिची कारणे राज्ये, युद्धे, व्यापार आणि पैसा यांतही शोधावी लागतील. एका माणसाच्या एका पुस्तकावर ते ओझे टाकता येणार नाही. आणि युरोप तरी कुठे मोकळा होता? १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ मतांवर बंदी घातली, त्यातली कित्येक इब्न रुश्दच्या वाचनातून आलेली होती.

आज बुद्धिवादी आणि श्रद्धावान असे दोन गट पाडून आपण घराघरांत भांडतो. एकाने दुसऱ्याला अडाणी म्हणायचे, दुसऱ्याने पहिल्याला नास्तिक. या जुन्या माणसांचेही भांडण होते आणि ते कडवे होते. पण गझालीने तत्त्वज्ञांचे म्हणणे आधी त्यांच्याहून नेटके मांडले आणि मग खोडले. इब्न रुश्दने गझालीचे शब्द आपल्या ग्रंथात जपून ठेवले आणि मग उत्तर दिले. आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या मुलाला त्याने मिठी मारून जवळ घेतले.

स्पेनमध्ये ११०९ साली सूफी गझालीचा ग्रंथ जळला आणि ११९५ साली तत्त्वज्ञ इब्न रुश्दचे. जाळणाऱ्यांना दोघांत फरक करण्याची गरज वाटली नाही. खरी फूट बुद्धी आणि प्रचिती यांच्यात होती की वाचणारे आणि जाळणारे यांच्यात, याचा विचार ज्याने त्याने करावा. कापूस आगीने जळतो की ईश्वराच्या इच्छेने, यावर ते दोघे जन्मभर भांडले असते. कागद मात्र माणसांनी जाळला, यावर त्यांचे एकमत झाले असते.